एवढे पैसे घालून भिंत मळकीच?

आमच्या कळंबमध्ये अंदाज न सांगणारा माणूस सापडणं अवघड. पाऊस कधी पडणार, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, यंदा उसाला उतारा किती बसणार, पहिली उचल किती जाहीर होणार, सरपंचपदाला आरक्षण कसलं पडणार, या सगळ्याची उत्तरं एसटीची वाट बघणाऱ्या कुठल्याही माणसाकडे तयार असतात. शेजारी वालचंदनगर. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, म्हणून यान चंद्रावर सरळ उतरेल की कलंडेल यावरही आमच्याकडे अधिकारवाणीने बोललं जातं. कारखान्यात कामाला असलेल्याच्या मेव्हण्याचा शब्द तर अखेरचा.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत प्रॉडक्शन डिझाइनचं रजत कमळ कुणाला मिळणार, हे सांगण्याचा नाद मात्र गावात एकट्या अण्णांना. अण्णा मंडपवाले. लग्न, वास्तुशांत, दशक्रिया, पुढाऱ्याची सभा, गणपती, नवरात्र, सगळ्याला मंडप त्यांचा. त्यांच्या गोडाऊनमध्ये फायबरचे हत्ती आहेत, मोर आहेत, तुळजाभवानीच्या गाभाऱ्याची चौकट आहे आणि एक अख्खा राजवाडा आहे. राजवाड्याचे बारा तुकडे होतात आणि ते दोन टेम्पोत बसतात. मागून बघितलं तर बांबू, सुतळी आणि जुन्या प्रचाराचे फ्लेक्स. समोरून बघितलं तर जयपूर.

अण्णा सिनेमात माणसं बघत नाहीत. नायिका ऊर फुटेस्तोवर रडत असली तरी अण्णांची नजर तिच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यावर. दोन प्लाय जिथे भेटतात तिथे केसाएवढी फट राहते. ती पुट्टीने भरली तरी दोन-चार दिवसांत वरच्या रंगाला बारीक चीर जाते. ती झाकायला तिथे खांब येतो, नाहीतर पडदा, नाहीतर झाडाची कुंडी. 'बघा गुरुजी, राजाच्या महालात ह्या जागेला कुंडी कशाला? सांधा हाय तिथं, सांधा.' मी सेवानिवृत्त शिक्षक. अण्णांच्या शेजारी बसून मी आजवर पाहिलेल्या एकाही सिनेमाची गोष्ट मला धड सांगता येणार नाही. कुंड्या मात्र सगळ्या आठवतात.

या नादाची सुरुवात 2021 च्या मार्चमध्ये झाली. करोनाची दुसरी लाट, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा. पन्नास माणसांना मंडप कशाला, ओसरी पुरते. अण्णांचा राजवाडा ताडपत्रीखाली झोपलेला आणि अण्णा सलूनमध्ये पेपर वाचत बसलेले. त्यात बातमी आली की 2019 च्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, आणि प्रॉडक्शन डिझाइनचा पुरस्कार 'आनंदी गोपाळ' या मराठी चित्रपटासाठी सुनील निगवेकर आणि नीलेश वाघ यांना मिळाला. सामाजिक विषयाचा वेगळा पुरस्कारही त्याच चित्रपटाला होता, पण अण्णांनी तो वाचलाच नाही. त्यांना एवढंच कळलं, की भिंती, खिडक्या, कंदील आणि फडताळं उभी करणाऱ्या माणसाला दिल्लीला बोलावून कमळ देतात.

'म्हंजे आमच्या लायनीला बक्षीस हाय?' अण्णांनी विचारलं.

आहे म्हटलं. आपल्या राज्याचा कला दिग्दर्शनाचा पुरस्कार तर साहेबमामा फत्तेलाल यांच्या नावाने दिला जातो. कागलचे शेख फत्तेलाल, 'प्रभात'चे एक मालक, हातात ब्रश घेऊनच सिनेमात आलेले. विष्णुपंत दामल्यांबरोबर त्यांनी 1936 साली 'संत तुकाराम' केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत निवडला गेला. ज्या तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या तालुक्यातून जाते, बेलवाडीला जिचं गोल रिंगण होतं, त्या तुकोबांचं घर, अंगण आणि देऊळ कागलच्या या माणसाने पडद्यावर आणलं. अण्णांनी मोबाइलवर सिनेमा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'कुंडी न्हाय एकबी.' अण्णांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

झालं. अण्णांनी मला मागच्या वर्षांचे निकाल काढायला लावले. अंदाज सांगायचा तर आधी मागचे पेपर सोडवले पाहिजेत, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं असावं. 2015 चा निकाल पाहून ते खूश झाले. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट 'बाहुबली' आणि प्रॉडक्शन डिझाइनचं कमळ मात्र 'बाजीराव मस्तानी'ला. अख्ख्या माहिष्मतीपेक्षा शनिवारवाड्यातला आरसे महाल भारी ठरला. श्रीराम अय्यंगार, सलोनी धात्रक आणि सुजीत सावंत ही तीन नावं अण्णांनी गोडाऊनच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवली. नितीन चंद्रकांत देसाई यांचं नाव आधीपासून होतंच. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास', अशी चार राष्ट्रीय पारितोषिकं मिळवलेला दापोलीचा माणूस. त्यातलं 'लगान'चं गाव कच्छच्या माळावर उभं केलेलं. अण्णांच्या मते तीच खरी कमाल. महाल कुणीबी बांधतं हो, म्हणाले, गोठा बांधून दाखवा.

या अभ्यासातून अण्णांनी पहिला नियम काढला. जुनं जिंकतं. आजच्या काळातला फ्लॅट, सोफा, टीव्ही यांना कुणी विचारत नाही. परीक्षकाला घरी जे दिसतं तेच पडद्यावर दिसलं, तर त्याला वाटतं यात काय केलं? साठ वर्षांपूर्वीचा स्टोव्ह दिसला की त्याचे डोळे पाणावतात. 2014 चं कमळ गोव्याच्या 'नाचुया कुंपासार' या कोंकणी चित्रपटासाठी अपर्णा रैना यांना मिळालं, तेही जुन्या काळातल्या गोंयकार वादकांच्या दुनियेलाच. नियम पक्का झाला.

पक्का झालेला नियम मोडायला वर्षसुद्धा लागत नाही, हे ऊसवाल्याला सांगायला नको. 2018 च्या यादीवर बोट ठेवून मी अण्णांना म्हटलं, सांगा बघू. अण्णांनी क्षणात 'तुंबाड' म्हटलं. कोण म्हणणार नाही? तो पाऊस, तो वाडा, ती विहीर. त्यातला वाडा तर आपल्याच जिल्ह्यातला, सासवडचा. फिल्मफेअरने त्याला कला दिग्दर्शनाचा पुरस्कार दिलाही. राष्ट्रीय पुरस्कार मात्र गेला 'कम्मार संभवम्' या मल्याळी चित्रपटाला. अण्णांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं, मीही नव्हतं, आणि सलूनमधल्या कुणीच नव्हतं. तरीही तिघेजण 'मला वाटलंच होतं' म्हणाले.

मग अण्णांनी दुसरा नियम केला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी बघायचं फॉर्म भरलाय का. राष्ट्रीय पुरस्काराला निर्मात्याने रीतसर प्रवेशिका पाठवावी लागते. सिनेमा कितीही थोर असो, अर्ज नसेल तर नाव नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय वर्ष मोजायचं ते चित्रपट लागल्याच्या तारखेने नव्हे, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या तारखेने. 'आरआरआर' आणि 'गंगूबाई काठियावाडी' हे दोन्ही लागले 2022 मध्ये, पण प्रमाणपत्र 2021 चं, म्हणून ते 2021 च्या पुरस्कारांत बसले. दोघांनाही इतर बक्षिसं मिळाली. प्रॉडक्शन डिझाइनचं कमळ मात्र 'सरदार उधम'साठी दिमित्री मालिच या रशियन माणसाला आणि मानसी ध्रुव मेहता यांना. 'गंगूबाई'च्या कामाठीपुऱ्याने त्याचं उट्टं फिल्मफेअरमध्ये काढलं.

'आरआरआर'वरून तर आमच्याकडे वादच झाला. नाटू नाटू गाण्यामागचा महाल अण्णांनी प्लायचा ठरवला होता. इतका गुळगुळीत रंग खऱ्या इमारतीला कसा असेल? पण तो निघाला कीव्हमधला खराखुरा राजप्रासाद. अण्णांना हा अपमान वाटला. खऱ्याने खोट्यासारखं दिसायचं म्हणजे काय?

आणखी एक अडचण म्हणजे निकालाची तारीख. 2019 चे पुरस्कार 2021 मध्ये, 2020 चे 2022 मध्ये, 2023 चे ऑगस्ट 2025 मध्ये. ऊस आज जातो आणि बिल पुढच्या कधीतरी, तसाच हा व्यवहार. पैज लावताना कशावर लावली होती हे निकालापर्यंत आठवत नाही, म्हणून सलूनवाल्याने वही घातली. तिच्यात एका बाजूला दाढीची उधारी आणि दुसऱ्या बाजूला कमळाचे अंदाज. दोन्हीकडे वसुली सारखीच.

2022 साठी अण्णांनी 'पोन्नियिन सेल्वन'वर शेव-चिवड्याची पैज लावली. चोळांचे महाल, नौका, हत्ती, कलाकार थोटा थरणी, त्यांना पूर्वी 'नायकन'साठी मिळालेलं. जुनं आहे, भव्य आहे, फॉर्म भरलेला आहे. निकाल लागला. सिनेमाला बक्षिसं भरपूर, हे एक सोडून. ते गेलं 'अपराजितो' या बंगाली चित्रपटाला, आनंद आढ्य यांना. हा चित्रपट म्हणजे सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' कसा काढला त्याची कृष्णधवल गोष्ट. म्हणजे पडकं घर, बांबूचं बन, दारिद्र्य.

'पडक्या घराला बक्षीस?' अण्णा म्हणाले. 'आपल्याकडं काय कमी हायत का?'

तेव्हा मी त्यांना बन्सी चंद्रगुप्तांची गोष्ट सांगितली. राय यांच्याच जुन्या, 1956 च्या 'अपराजितो'त बनारसमधलं एक घर आहे, मधे अंगण असलेलं. लोकांना वाटलं काशीचंच घर. ते कलकत्त्याच्या स्टुडिओत बन्सीबाबूंनी बांधलेलं होतं. अंगणात आभाळाचा उजेड यायला हवा, पण आभाळ कुठून आणणार? म्हणून वर पांढरं कापड ताणून बांधलं आणि छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी खालून दिवे त्या कापडावर मारले. कापडावरून परतून जो मऊ उजेड अंगणात उतरला, तो थेट गंगाकाठचा.

अण्णा ताडकन उठून उभे राहिले. 'कापड बांधलं? वर? म्हंजे मंडपच की!' त्या दिवसापासून सत्यजित राय हे अण्णांच्या लेखी मंडप व्यवसायातले ज्येष्ठ आहेत.

याच उत्साहात गणपती आले. आमच्या भागात देखाव्यांच्या स्पर्धा जोरात असतात. परीक्षक रात्री साडेदहा-अकराला जीपमधून उतरतात, तोवर जिवंत देखाव्यातला पहिला शिवाजी झोपलेला असतो आणि दुसऱ्याला उभं करावं लागतं. इथले अंदाज सोपे. हलणारी वस्तू असली तर तिसरा नंबर, धूर निघाला तर दुसरा, राजवाडा असला तर पहिला. पोहे-चहाचा परिणाम होत नाही असं सगळे परीक्षक सांगतात आणि दोन बशा खातात.

एका मंडळाने सावित्रीबाईंच्या शाळेचा देखावा धरला आणि काम अण्णांना दिलं. अण्णांनी जन्मात केली नसेल अशी मेहनत केली. थर्माकोलवर 2018 पासून बंदी, तेव्हा प्लाय आणि गोणपाट. त्यावर मातीचा लेप, लेपावर गेरू, गेरूवर उकळलेल्या चहापत्तीचं पाणी. दिवा ठेवायच्या कोनाड्यावर काजळी धरली. मुलांची डोकी भिंतीला टेकतात त्या उंचीवर तेलाचा डाग हवा म्हणून स्वतःचं डोकं खोबरेल लावून घासलं. मुलं लहान, अण्णा उंच, त्यामुळे गुडघ्यावर बसून. दाराची कडी रोज जिथे आपटते तिथे अर्धवर्तुळाकार ओरखडा काढला. मी पाहिलं आणि गप्प झालो. माझी पहिली शाळा अशीच होती, त्या ओरखड्यासकट.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष आले. भिंत बघितली. बोटाने पुसून बघितली. म्हणाले, 'अण्णा, एवढे पैसे घालून भिंत मळकीच?'

अण्णा समजवायला लागले, बंगाल काढला, बन्सीबाबू काढले. अध्यक्षांनी दोन पोरं पाठवून पांढरा डिस्टेंपर आणला. परीक्षक आले तेव्हा 1848 सालची शाळा नुकत्याच उद्घाटन झालेल्या पतसंस्थेसारखी लखलखत होती. कोपऱ्यात कुंडीही ठेवली होती. पहिला नंबर वरच्या आळीतल्या राजवाड्याला. अण्णांनी तो अंदाज सकाळीच सांगितला होता.

पण अण्णांचं म्हणणं मला पटतं. चांगलं काम केलं की ते दिसत नाही, आणि दिसत नाही त्याला बक्षीस कसं द्यायचं? 'मुघल-ए-आझम'च्या शीशमहालाला दोन वर्षं लागली, काच बेल्जियमहून आली. 1961 चा फिल्मफेअरचा कला दिग्दर्शन पुरस्कार मात्र बिरेन नाग यांना 'चौदहवीं का चाँद'साठी. तिथे निदान दोन्हीकडे नक्षीकाम होतं. कोरियाच्या 'पॅरासाइट'चं ते श्रीमंत घर पाहून जगाला वाटलं, कुण्या बड्या आर्किटेक्टचं खरं घर असणार. ते सेट म्हणून बांधलेलं होतं. 2020 च्या ऑस्करला त्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट चार पुरस्कार नेले, प्रॉडक्शन डिझाइनचा नाही. तो 'वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड'ला मिळाला, 1969 सालचे रस्ते, पाट्या आणि दुकानं उभी केली म्हणून. अण्णांना हे पटलं. कळंबमध्ये 1990 सालचा सिनेमा काढायचा म्हटला, तर निम्मा खर्च वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवण्यात जाईल आणि उरलेला ज्यांचे उतरवले त्यांची समजूत काढण्यात.

एकदाच दुनियेने न्याय केला. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' या 1976 च्या चित्रपटात वॉशिंग्टन पोस्ट वृत्तपत्राची कचेरी स्टुडिओत बांधली. कचेरी खरी वाटावी म्हणून मूळ कचेरीतला कचरा, रद्दी, कागद खोक्यांत भरून हॉलिवूडला आणला आणि टेबलांवर पसरला. त्या कामाला ऑस्कर मिळालं. अण्णांनी ही गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली. ऐकवत नाही म्हटलं तर दाढीचे पैसे देतो म्हणाले.

एका उन्हाळ्यात आम्ही पळसदेवला गेलो. उजनीचं पाणी उतरलं होतं आणि धरणात बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिर वर आलं होतं. सगळे सेल्फी काढत होते. अण्णा शिखराच्या खालच्या दगडावर नाक टेकवून रंग बघत होते. हिरवा संपून राखाडी कुठे सुरू होतो, शेवाळ कुठल्या बाजूला धरतं, पाण्याच्या रेघा किती. 'चाळीस वर्षं पाण्यात ठेवल्याबिगर हा कलर येत न्हाय,' म्हणाले. 'चहापत्तीचं काम न्हाय हे.' 2023 चं कमळ केरळच्या महापुरावरच्या '2018' या चित्रपटासाठी मोहनदास यांना मिळालं, तो अंदाज अण्णांचा बरोबर आला. पाणी आलं की बक्षीस, हा तिसरा नियम पळसदेवला सापडला म्हणतात. अगदी त्याच सुमाराला कळलं, की रजत कमळाची रक्कम आता 2 लाख आहे. अण्णा हिरमुसले. आमच्याकडे नवरा-नवरीच्या स्टेजला लोक सहज तेवढे घालतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं उतरवतात.

अंदाज खरा ठरल्याने अण्णांचं नाव झालं. शेजारच्या एका गावाने त्यांना देखावा स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावलं. ही बातमी सलूनमधून बाहेर पडायला एक कटिंग पुरली, आणि अण्णांना काय आवडतं हेही तिच्याबरोबर गेलं. त्या गावात चहापत्तीचा तुटवडा झाला. प्रत्येक मंडळाने भिंती मळवल्या. एकाने तर गणपतीच्या मखरालाच काजळी लावली, ती पुजाऱ्याने आरडाओरडा करून पुसायला लावली. अण्णा प्रत्येक मंडपात जात, कोपऱ्याला वाकत, बोट ओलं करून भिंतीला लावत आणि चाखून बघत. 'साखर हाय ह्यात. हॉटेलातला उरलेला चहा मारलाय. मुंग्या येतील.' शून्य गुण.

शेवटच्या मंडळाने उसाचा वजनकाटा केला होता. काट्याची केबिन, खिडकीला जाळी, आत एक खुर्ची जिची एक बाजू नायलॉनच्या दोरीने विणलेली. टेबलाला सुतळीने बांधलेलं पेन. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर, त्यावर दुधाचे आकडे. खिडकीच्या खालच्या अंगाला, ड्रायव्हर लोक कोपर टेकून पावतीची वाट बघतात तिथे, रंग उडालेला. बाहेर एक बैल, खराच, कारण फायबरचा परवडला नाही.

अण्णांनी पहिला नंबर दिला. बाकीची मंडळं खवळली. यात देखावा कुठाय, हे तर आम्ही रोज बघतो, असं म्हणत त्यांनी जीप अडवली. अण्णांना पोहे मिळाले नाहीत.

पुढच्या वर्षी त्या गावाने परीक्षक म्हणून डॉक्टरांना बोलावलं. पहिला नंबर राजवाड्याला. अण्णांनी हा निकाल गौरी बसायच्या आधीच सलूनच्या वहीत लिहून सही केली होती. राजवाडा त्यांच्याच गोडाऊनमधून गेला होता, दोन टेम्पो, दहा दिवसांचं भाडं आगाऊ घेऊन.